बाबांनी सांगितलेलं पुस्तक आता पडद्यावर येतंय

आलेलं पत्र थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी २६ वर्षांची, कोथरूडला राहते, जॉब हिंजवडीत. पाचवीत होते तेव्हा बाबांनी अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड इंग्रजी फँटसी कादंबरी आणली, सेकंडहँड, कव्हर निम्मं फाटलेलं. मला तेव्हा तेवढं इंग्रजी कुठलं, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की बाबा पुस्तक समोर धरायचे आणि मला मराठीत सांगत जायचे. जूनमधे शाळा सुरू झाली तेव्हा सुरू केलं, दिवाळीत संपलं. नावं सगळी त्यांची. ड्रॅगनला तांबडोबा, नदीवरच्या म्हाताऱ्या नावाड्याला धोंडूतात्या, जंगल म्हणजे पावसातलं ताम्हिणी, आणि किल्ल्याचं दार म्हणजे शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, ते खिळे बिळे सगळं. नायिका लढाईला जाताना तोंडाला कापड बांधते ना, तर माझ्या डोक्यात ती स्कार्फ बांधून ॲक्टिव्हावर निघालेल्या माझ्या आत्यासारखीच दिसते, अजूनही. नंतर मी स्वतः इंग्रजीतून नऊ वेळा वाचलं. तेव्हा कळलं की नायिकेचा घोडा पुस्तकात मरतो. बाबांनी त्याला आराम करायला सासवडला पाठवलं होतं.

आता सिनेमा येतोय, चार महिन्यांनी. आमचा १४ जणांचा ग्रुप आहे, मी ॲडमिन, पहिल्या दिवशीचा पहिला शो सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलंय. पण ट्रेलर आल्यापासून मला धड झोप नाही. नायिका ती वाटतच नाही. नावाडी ट्रेलरमधे दिसतच नाही, लोक म्हणतायत काढूनच टाकलाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी अनोळखी लोकांशी भांडत बसते. ग्रुपमधली माझी अगदी जवळची मैत्रीण, तिने पुस्तक वाचलेलं नाही, ती म्हणाली मला तर ट्रेलर भारी वाटला, तर मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं ज्यांनी वाचलं नाही त्यांनी मत देऊ नये. ती ग्रुप सोडून गेली. आणि सगळ्यात जास्त लागलं ते बाबांचं. वाटलं होतं उड्या मारतील. तिकिटाचं विचारलं तर म्हणाले, 'तू जा, मला नको, माझा बघून झालाय.' मला रडूच आलं. त्यांना ओढून नेऊ का? की मीच जाऊ नको? पुस्तकाचं नाव छापू नका प्लीज, ग्रुपवरचे लगेच ओळखतील.
— तांबडोबाची पोरगी"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा घोड्यापाशी येऊन थांबले. सिनेमाचं नंतर बोलू, आधी बाबांचं घेते, कारण मला वाटतं सगळी गाठ तिथंच बसलीये.

जरा हिशोब कर. जून ते दिवाळी, त्यातून गणपतीचे दहा दिवस आणि तुझी सहामाही वगळली तरी सव्वाशे रात्री होतात, आणि रोजचा अर्धा तास धरला तरी साठ तासांच्या वर. म्हणजे एक माणूस दिवसभर नोकरी करून घरी येतोय, जेवतोय, आणि मग डोळ्यांनी इंग्रजी वाचत तोंडाने मराठी बोलत एका दहा वर्षांच्या पोरीसमोर साठ तास एक अख्खं जग उभं करतोय, सगळ्यांचे आवाज एकट्याने काढून. मी माझ्या भाचीला एक ऐंशी पानांचं पुस्तक असं सांगून बघितलंय, दहाव्या मिनिटाला घसा बसतो आणि डोकं त्याच्या आधी दमतं, कारण पुढचं वाक्य वाचेपर्यंत मागचं बोलून संपलेलं असावं लागतं. त्यामुळे बाबा जेव्हा म्हणतात माझा बघून झालाय, तेव्हा ते तुला टाळत नाहीयेत, रुसलेले नाहीयेत, ते अगदी खरं तेच सांगतायत. त्यांचा सिनेमा झालाय. तो त्यांनीच केलाय, प्रेक्षक एक होता, आणि ती तू होतीस.

आणि आता जे सांगणार आहे ते नीट ऐक, कारण तुझ्या पत्रात ते आहे पण तुला दिसलेलं नाहीये. तुझ्या पत्राचा सूर असा की पुस्तकाला कुणी हात लावलेला तुला सहन होत नाही. पण पोरी, तू ते पुस्तक पहिल्यांदा वाचलंच नाहीस, तू ते ऐकलंस. तेही दुसऱ्या भाषेत, बदललेल्या नावांनी, ताम्हिणी आणि शनिवारवाडा घालून, आणि एक मरण चक्क गाळून! याला आपल्याकडे रूपांतर म्हणतात आणि त्याची आपल्याला काही नवलाई नाही, पुलंनी बर्नार्ड शॉच्या नाटकातली लंडनची फुलवाली उचलली आणि १९७५ साली 'ती फुलराणी'त तिची मंजुळा केली, ती मंजुळा बघताना कुणाला वाटतं की हिने मूळची पोरगी बिघडवली? तुझ्या बाबांनी तेच केलं, फक्त घरातल्या दिव्याखाली. म्हणजे तुझं सगळ्यात लाडकं जे आहे ते मूळ पुस्तक नाहीच, बाबांनी केलेलं रूपांतर आहे. नऊ वेळा वाचूनही तुझा ड्रॅगन तांबडोबाच राहिला ना.

म्हणून मला वाटतं तुझी भीती पुस्तकासाठी नाहीये. पुस्तक कुठं जातंय, ते फाटक्या कव्हरसकट कपाटात आहे. तुला भीती बाबांच्या त्या साठ तासांची आहे, ते पुसले जातील याची. आणि ही भीती खोटी आहे असं मी तुला सांगणार नाही, कारण ती खरी आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मधे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेसुद्धा बघ, रात्री-रात्री सांगितलेल्या गोष्टी म्हणूनच लिहिलं. अत्र्यांनी १९५३ मधे त्याचा सिनेमा केला, त्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, सिनेमा चांगलाच आहे, प्रश्नच नाही. पण माझ्या आईला विचार श्यामची आई कशी दिसते, ती सिनेमातल्या वनमालाबाईंचाच चेहरा सांगेल. सिनेमाच्या आधी तिने पुस्तक वाचलं होतं, तेव्हा डोक्यात कुठला चेहरा होता ते तिला आता आठवत नाही, तिने प्रयत्न केलाय आठवायचा, माझ्यासमोर. गेला तो. चित्र जेवढं चांगलं तेवढं ते जास्त चिकटतं, त्यामुळे तुझा हा सिनेमा वाईट निघण्यापेक्षा चांगला निघण्याची काळजी जास्त करायला हवी खरंतर.

तर मग चार महिने आहेत ना हातात, ते भांडण्यात घालवू नकोस, ते बाबांचं रूपांतर जपून ठेवायला वापर. बाबांना सिनेमाला ओढून नेऊ नकोस, आणि "असू देत, आयत्या वेळी मन बदललं तर" म्हणून त्यांचं तिकीटही काढून ठेवू नकोस, ते तिकीट टेबलावर पडलं की रोज त्यांना नाही म्हणावं लागेल. त्याऐवजी त्यांना म्हण, बाबा मला परत सांगा. सगळं नको, साठ तास आता तुमच्या दोघांकडे नाहीत, पण आठ-दहा प्रसंग निवड, नावाड्याचा, दरवाज्याचा, जंगलातला, आणि घोडा जातो तो, आणि शनिवार-रविवारी जेवणानंतर फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू कर. पुस्तक त्यांच्या हातात तेच दे, फाटकं, नवीन एडिशन नको. एक वही कर, त्यात त्यांची नावं लिहून काढ, कुठल्या जागेसाठी त्यांच्या डोक्यात कुठलं पुणं होतं ते विचारून लिही, मला खात्री आहे तुला माहीत नसलेल्या दोन-चार जागा निघतील. आणि हेही विचार की त्यांनी अजून काय काय गाळलं. घोडा तुला सापडला, पण दहा वर्षांच्या मुलीला सांगताना माणूस कितीतरी ठिकाणी हळूच वळसा घेतो, लांबलचक वंशावळी गाळतो, एखादी भीतीदायक रात्र दोन वाक्यांत उरकतो. ते सगळं त्यांनी तुझ्याकडे बघत बघत ठरवलं असणार, तुझे डोळे मिटायला लागले की प्रकरण लवकर संपवलं असणार. ते तुला नऊ वाचनांतही सापडलेलं नाही कारण ते पुस्तकात नाहीच.

आता सिनेमावाल्यांचं. तेही गाळणारच, त्यांना गाळावंच लागतं, पटकथेचं साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा हिशोब धरतात, म्हणजे तीन तासांचा सिनेमा म्हणजे १८० पानं, आणि त्या पानांवरही अर्धी जागा रिकामी. तुझे बाबा साठ तासांत गाळून गाळून पोचले, यांच्याकडे तीन आहेत. म्हणून नावाडी गेला असेलही. गेला तर वाईट वाटून घे, खुशाल वाटून घे, मी स्वतः 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या सिनेमात २००१ साली टॉम बॉम्बाडिल नव्हता याचं वाईट वाटून घेतलंय आणि ते आजही गेलेलं नाही, जंगलात राहणारा, गाणी म्हणणारा तो म्हातारा, ज्याच्यावर गोष्टीतल्या त्या जादूच्या अंगठीचा काही परिणामच होत नाही, पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी प्रकरणं ती. पण तो नसतानाही गोष्ट मोडली नाही, कारण सगळं त्या अंगठीच्या ओझ्याभोवती फिरत होतं आणि ते ओझं त्यांनी नीट पकडलं होतं. शिवाय त्या लोकांनी एक फार शहाणपणाचं काम केलं, ॲलन ली आणि जॉन हाऊ हे दोघं चित्रकार वर्षानुवर्षं त्याच पुस्तकांसाठी चित्रं काढत होते, त्यांनाच बोलावून न्यूझीलंडला सिनेमाची दुनिया आखायला बसवलं. त्यामुळे कितीतरी वाचकांना पडद्यावर जे दिसलं ते ओळखीचं वाटलं. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाले ते सगळ्यांना माहितीये, मला मात्र या दोन चित्रकारांचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या सिनेमाचं बघायचं असेल तर असलं काहीतरी बघ, नायिकेच्या केसांचा रंग नको.

उलट उदाहरणही आहे. फिलिप पुलमनच्या पुस्तकावर २००७ मधे 'द गोल्डन कंपास' आला, त्यात पुस्तकाचा शेवट शूट करूनही सिनेमात ठेवलाच नाही, पुढच्या भागात घेऊ म्हणाले, आणि पुढचा भाग आलाच नाही. ती जखम वेगळी. एक पात्र गाळणं आणि गोष्ट जिथं पोचायला हवी तिथं पोचूच न देणं, यात फार फरक आहे. (पुढे २०१९ पासून त्याच पुस्तकांची सिरीयल आली, तिथं तो शेवट मिळाला. म्हणजे एक सिनेमा फसला म्हणून पुस्तकाची संधी संपते असंही नाही.) आणि रागाबद्दल म्हणशील तर राग काही वेडेपणा नाहीये बरं, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या खुद्द टोल्कीनकडे १९५८ च्या सुमारास त्याच्या पुस्तकाच्या सिनेमाचा एक आराखडा आला होता आणि त्याने तो वाचून पानंच्या पानं तक्रारी लिहून पाठवल्या होत्या. पण त्याने त्या सिनेमा करू बघणाऱ्यांना पाठवल्या, ज्यांच्या हातात बदल करणं होतं त्यांना. रात्री दोन वाजता तू ज्याच्याशी भांडतेस त्याच्या हातात काय आहे?

ट्रेलरचंही सांगते. तो दोन-अडीच मिनिटांचा तुकडा बऱ्याचदा वेगळेच लोक कापतात, सिनेमाच्या जाहिरातीसाठी. इथलं वाक्य तिथल्या प्रसंगावर चिकटवतात, संगीत तर कित्येकदा सिनेमातलं नसतंच, आणि इफेक्ट्सचं काम तेव्हा पुष्कळदा चालूच असतं. त्याला थांबवून थांबवून फ्रेम बघण्यात आणि भाताच्या एका शितावरून जेवण कसं असेल ते ठरवण्यात... नाही, शितावरून भात तरी कळतो, ट्रेलरवरून तेवढंही कळत नाही. नायिकेबद्दल तर तू स्वतःच उत्तर लिहून पाठवलंयस. तुझ्या डोक्यात तुझी आत्या आहे! जगातला कुठला दिग्दर्शक तुझ्या आत्याला घेणार होता? ती जी मुलगी निवडलीये ती कुणाच्यातरी डोक्यातल्या नायिकेसारखी असेलही, तुझ्या नाही, आणि यात तिचा काहीच दोष नाही, तेव्हा तिच्या फोटोखाली जाऊन काही लिहिलं असशील तर आजच पुसून टाक. हे मी जरा कडक बोलतेय, पण हे बोलायलाच हवं.

मैत्रिणीचं काम सगळ्यात आधी कर, हे पत्र वाचून झाल्या झाल्या. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी मत देऊ नये असं तू म्हणालीस, तू, जिने ते पुस्तक पहिले पाच महिने स्वतः वाचलेलंच नव्हतं आणि तरी त्यावर जीव टाकला होता. फोन कर, मेसेज नको. माफी माग, आणि अपमान सगळ्यांसमोर केलास ना, मग ग्रुपवरही सगळ्यांसमोर लिही की माझं चुकलं. आणि तिला घरी बोलव, त्या रेकॉर्डिंगला. तिने पुस्तक वाचलेलं नाही हे तर उलट सोनं आहे, बाबांना इतक्या वर्षांनी एक कोरा श्रोता मिळेल, ज्याला पुढं काय होणार ते माहीत नाही. बघ त्यांचा आवाज कसा बदलतो.

रात्रीची भांडणं बंद. यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही, अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत.

आणि हो, तू जा सिनेमाला. नक्की जा. न जाऊन बाबांशी निष्ठा दाखवल्यासारखं होईल असं वाटत असेल तर तसं नाहीये, त्यांनी तू जा म्हटलंय आणि मनापासून म्हटलंय. फक्त एक, माझी चूक करू नकोस. मी कॉलेजात असताना शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचली होती, पारायणं केली होती म्हण, आपल्याच शहरातलं कॉलेज, तो कट्टा, सगळं माझंच वाटायचं. २०१३ मधे त्याचा सिनेमा आला तेव्हा बहिणीबरोबर गेले आणि पूर्ण वेळ मनात यादी करत बसले, हे बदललं, ते बदललं, हा असा नव्हता, ती असं बोलली नसती. बाहेर आल्यावर बहिणीने विचारलं कसा वाटला, तर माझ्याकडे यादी होती पण सिनेमा नव्हता. मी तो बघितलाच नव्हता. दोन-तीन वर्षांनी टीव्हीवर लागला तेव्हा घरकाम करता करता यादीशिवाय बघितला, काही गोष्टी तेव्हाही पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत, पण काही जागी मी हातातलं काम सोडून उभी राहिले. आणि माझ्या भाचीने सिनेमा आधी बघितला आणि मग माझी जुनी प्रत मागून नेली, अजून परत दिलेली नाहीये, मीही मागत नाही. तर तू पहिल्या शोला यादी नेऊ नकोस. यादी करायचीच असेल तर दुसऱ्यांदा जा, आठवड्याने, एकटी, दुपारच्या रिकाम्या शोला. चौदा जणांना आधीच सांगून ठेव की बाहेर आल्यावर पहिला अर्धा तास कुणी निकाल द्यायचा नाही, आधी कुठेतरी बसून चहा घ्या.

मग घरी जा. त्या दिवशी बाबा काही विचारणार नाहीत कदाचित, पेपर वाचत बसल्यासारखं करतील. जेवणं होऊ देत. आणि मग तू त्यांना सिनेमा सांग, पहिल्यापासून, मराठीत, त्यांच्याच नावांनी. पडद्यावर काहीही म्हणत असले तरी तू तांबडोबाच म्हण, धोंडूतात्या नसलाच सिनेमात तर तू तुझ्या जागी त्याला आणून बसव, बाबांना चालेल. आवाज काढ सगळ्यांचे. एका रात्रीत संपवू नकोस, ते म्हणतील उशीर झाला झोप आता, तर उद्यावर ठेव. घोड्याचं काय करायचं, मारायचा की सासवडला पाठवायचा, ते तिथं पोचलीस की त्यांच्याकडे बघून ठरव.